कोरडा गाडा

सकाळी छपरातून गाडा बाहेर ओढला तेव्हा तो असा काही ओरडला, की बानाबाईनं हातातली बाजरीच्या पिठाची परात तशीच खाली ठेवली आणि छातीला हात लावला.

चंपाषष्ठीचा दिवस. माळेवाडीत, म्हणजे पाचोडच्या अलीकडं आत वळणाऱ्या वाटेवरच्या त्या गावात, दरसाल या दिवशी खंडोबाच्या बारा गाड्या ओढतात. बैलगाड्या एकामागं एक बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांत बायका-पोरं, म्हातारेकोतारे बसवायचे, आणि ती सगळी माळ कमरेला दोर बांधून एकट्या माणसानं वेशीपासून ओढ्याकाठच्या देवळापर्यंत न्यायची. मान बानाबाईच्या नवऱ्याच्या, केरबाच्या घराचा. आधी त्याचा बाप ओढायचा, मग केरबानं ओढल्या, आणि यंदा केरबाचा गुडघा गेला म्हणून पहिल्यांदाच दोर त्यांच्या मुलाच्या, रामहरीच्या कमरेला बांधायचा होता.

बानाबाईला सहा दिवसांपासून घोर होता तो त्याचाच. रामहरी शहरात, औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानात कामाला. दिवसभर गादीवर बसून बायकांपुढं घड्या उलगडायच्या आणि पुन्हा घालायच्या. अंगात ताकद होती, नाही असं नाही, पण ती मेंढरामागं माळ तुडवलेल्या बापाची ताकद नव्हती. खंडोबाचे घट बसल्यापासून तिनं अन्न सोडलं होतं. सकाळ-संध्याकाळ देवघरातल्या अखंड दिव्यात करडईचं तेल घालायचं, भंडाऱ्याचं बोट लावायचं आणि एकच मागायचं, माझं लेकरू देवळाच्या पायरीला धडधाकट लागू दे. मागतानाही आवाज इतका हळू, की शेजारची लीलाबाई म्हणायची, "बानाबाई देवासंग बोलती का भिंतीसंग, त्येच उमगत नाय."

गाड्या ओढताना तिनं कधी डोळ्यानं पाहिल्या नव्हत्या. रीतच तशी. ओढणाऱ्याच्या बायकोनं देवघरात दिव्यापाशी बसायचं, गाड्या देवळाला लागेपर्यंत जागचं उठायचं नाही. लग्नाच्या सालीच दोर केरबाकडं आला, तेव्हापासून ती दरसाल तशी बसली, आणि सगळं कानानं पाहत आली. पहिल्यांदा छकड्याचा खुळखुळाट, कारण छकडा हलका, तो सगळ्यात पुढं. मग पाटलांची दमणी. तिच्यावरचं छत कधीच गेलं, पण जुन्या घुंगरांची माळ अजून वाजते. मग बाकीच्या गाड्यांची खडखड. आणि सगळ्यात शेवटी त्यांच्या घरचा गाडा. बाभळीची पुरुषभर उंच चाकं, त्यावर लोखंडी पट्टीची धाव, वर्षातून एकदाच बाहेर निघणारा. तो रडत जायचा. वेशीपासून ओढ्यापर्यंत एकसारखं रडणं. ते थांबलं, की बानाबाई समजायची, पोचला माझा धनी, आणि दिव्याला हात जोडायची. मग संध्याकाळी केरबा घरी यायचा तो कमरेची कातडी सोलून. ती मुकाट्यानं हळद लावायची आणि मनात म्हणायची, हे मेलं रडकं धूड मागं नसतं, तर एवढी सोलली नसती कंबर.

आता तेच धूड तिच्या लेकाच्या कमरेला लागणार होतं.

बानाबाईचं माहेर फर्दापूरकडं, अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी. तिकडं गाडीला गाडी म्हणत नसत, खाचर म्हणत. लग्नानंतर पहिल्याच पेरणीला तिनं दारातून विचारलं होतं, "खाचर जुपलं का?" आणि सगळं घर हसलं होतं. सासू तर पदर तोंडाशी धरून हसली. तेव्हापासून कितीतरी वर्षं ती या घरात 'खाचरवाली' होती. केरबाला लाडात यायचं झालं की अजूनही त्याच्या तोंडून तेच निघे.

त्या माहेरच्या खाचराच्या साट्याखाली, म्हणजे बसायच्या फळ्यांखाली, बांबूची एक नळी टांगलेली असायची. तीत तेल आणि काडीला गुंडाळलेली चिंधी. लहानपणी ती नळी सांभाळायचं काम तिचं. बाप सरकी नाहीतर कापूस घेऊन निघाला, की ही आधी दोन्ही चाकांच्या मधल्या तुंब्यात चिंधी फिरवायची. तेल आत कण्यापर्यंत मुरलं, की बाप चाक हातानं फिरवून बघायचा. एकदा ती विसरली आणि वाटेत चाक करकरायला लागलं. बापानं खाचर थांबवलं, रागावला नाही, तिला खाली उतरवून बैलाच्या मानेवर हात ठेवायला लावला. मान घामानं निथळत होती. "चाक रडलं की समज बैल रडतंय," बाप म्हणाला. "बैलाला बोलता येत नाय, म्हून त्याच्या वाटचं चाक बोलतं." ते वाक्य बानाबाईच्या मनात देवाच्या नावासारखं बसलं होतं.

आणि आज बैलाच्या जागी रामहरी होता.

गाडा अंगणात आणून पोरं चहाला गेली. केरबा केव्हाच देवळाकडं गेला होता. सून प्रांजली न्हाणीत होती. बानाबाई देवघरात गेली, दिव्यासाठी आणलेल्या बाटलीत उरलेलं तेल घेतलं, देवाला दाखवलं. "तुझंच तेल, तुझ्याच गाड्याला," म्हणाली. मग जुन्या लुगड्याची चिंधी काडीला गुंडाळून तिनं दोन्ही तुंब्यात तेल सोडलं. लाकूड इतकं तहानलेलं, की तेल वरच्यावर दिसेनासं होई. तिनं बाटली उलटी करून शेवटचा थेंबसुद्धा झटकला.

पोरं परत आली, गाडा ढकलायला लागली, तर तो मुक्यानं निघाला.

"गाडा यंदा लईच शहाणा झाला की!" एकजण म्हणाला. सगळी हसली आणि त्याला वेशीकडं घेऊन गेली. बानाबाईनं परात पुन्हा मांडीशी ओढली. सहा दिवसांत पहिल्यांदा तिला जरा हलकं वाटलं.

दुपार कलली तशी प्रांजली दिव्यापाशी बसली. "आत्याबाई, तुमी पन बसा ना माझ्यासंग."

"माझी पाळी सरली, बाई. आता तुझी," बानाबाई म्हणाली. "भिऊ नको. नुसतं ऐकत राहा." आणि जन्मात पहिल्यांदा ती बारा गाड्या पाहायला निघाली.

वेशीपाशी हलग्या कडाडत होत्या. भंडाऱ्यानं हवा पिवळी झालेली. नावाच्या बारा, पण आता लाकडी चाकाच्या गाड्या गावात राहिल्यात कुठं? पुढं छकडा, त्यामागं दमणी, आणि मग सगळ्या टायरच्या गाड्या. शेवटी गाडा, त्यात लीलाबाई आणि दहा-पंधरा बायका-पोरं दाटीवाटीनं बसलेली. केरबा पाराच्या कडेला काठी टेकून बसला होता आणि शेजारी मोतीराम. मोतीरामचं पाचोडला वेल्डिंगचं दुकान. लोखंडी सांगाडे करून त्यांना टायर बसवायचे, हा त्याचा धंदा. त्याचं घर बाबासाहेबांच्या विचाराचं, तो भंडारा लावत नसे, देवळात जात नसे, पण या दिवशी चुकत नसे.

"जयभीम, वहिनी. देवाला नाय आलो बरं का," तो दरसालचं वाक्य बोलला. "चाकाला आलो."

"चाकाला कशाला येतोस? तुझ्या टायरनं चाकाचं वाटोळं केलं," केरबा म्हणाला.

"म्या गाड्या जोडून दिल्या, केरबा. उतारावर सोडा असं नाय सांगितलं." मोतीरामनं मान लांब करून पुढं पाहिलं. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत वाट सपाट, आणि मारुतीपासून खाली ओढ्यापर्यंत उतार. आजवर तो मुरमाचा होता. यंदा पावसाळ्याआधी गुळगुळीत सिमेंटचा झाला होता. "खरं सांगू का, मला ह्यो रस्ता बघून धस्स झालं. एवढ्या टायरच्या गाड्या, भरलेल्या. रामहरीनं वढायची गरजच नाय. त्याच त्याच्या मागं लागतील."

केरबा हसला. "मागं गाडा हाय ना."

"एकटा?"

"एकटाच लागतो. माझ्या बापानं त्याला जन्मात तेल दाखवलं नाय, आन् म्या बी नाय. कोरडा ठाक ठेवायचा. उताराला बाकीच्या गाड्या म्होरं पळाया बघत्यात, आन् त्यो मागून सगळ्यांला वढून धरतो. गावाला वाटतं केरबानं गाड्या वढल्या. आरं, सपाटीला वढल्या म्या. उताराला गाड्यानं मला राखलं." त्यानं काठी गाड्याकडं रोखली. "त्यो रडत ऱ्हायला तवर मी जित्ता ऱ्हायलो."

बानाबाई दोघांच्या मागं उभी होती. तिच्या कानात हलगी वाजायची थांबली.

बोटांना अजून करडईच्या तेलाचा वास होता.

"आवं," ती म्हणाली. कोणालाच ऐकू गेलं नाही. तिनं केरबाच्या खांद्याला हात लावला. चारचौघांत तिनं असं कधी केलं नव्हतं, म्हणून तो चटकन वळला. "आवं, म्या तेल घातलं."

"दिव्यात ना? बरं केलं."

"गाड्यात."

केरबा तिच्याकडं बघत राहिला. मग शेवटच्या गाडीकडं. मग त्याला आठवलं असावं, की गाडा वेशीला आला तेव्हा कसलाच आवाज झाला नव्हता. हलगीत हरवला असेल असं त्यानं धरून चाललं होतं.

"किती?"

"व्हतं तेवढं."

"का गं?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला सोसलं असतं. "कुनी सांगितलं तुला?"

"त्याची कंबर सोलंल म्हून..."

समोर रामहरीच्या कमरेला दोर आवळून झाला होता. कपाळभर भंडारा, डोळे लाल, अंगात वारं भरलेलं. आता हाक मारली तरी त्यानं ओळखलं नसतं. दोर एकदा बांधला की देवळाच्या पायरीलाच सुटतो. मध्ये सोडला तर त्या घराचा मान जातो, देव पाठ फिरवतो, असं सगळं गाव मानत आलं. केरबा काठीवर अर्धा उठला आणि पुन्हा खाली बसला.

"आजवर कुनी मधीच दोर सोडवला नाय," तो म्हणाला.

"तुमी थांबवा."

"मान जाईल, रामहरीचे माय. तीन पिढ्यांचा."

"जाऊ द्या." तिचं तिलाच नवल वाटलं. "मान गेला तर जाऊ द्या."

पण तेवढ्यात "येळकोट येळकोट" झालं, गावानं "जय मल्हार" म्हणून आभाळ उचललं, रामहरीनं पुढं झुकून पाय रोवले, आणि छकडा हलला. त्यामागं दमणी, मग सगळ्या. लोकांनी दोन्ही बाजूंनी हात लावले. गाडा बानाबाईच्या समोरून गेला. त्याची चाकं लोण्यातून फिरावी तशी फिरत होती.

"आता देवालाच काळजी," केरबा पुटपुटला.

मोतीराम मात्र उठला होता. "मारुतीपाशी थांबत्यात ना?"

"नारळापुरतं."

"मग तेवढाच टाईम हाय. चाकाखाली दगड घालीत जावं?"

"चालत्या गाडीला? उडून पोराच्या डोक्यात बसंल एखाद्याच्या."

बानाबाईनं डोळे मिटले होते. तिला घाट दिसत होता. कापसानं भरलेलं खाचर, खाली वळणावळणाचा उतार, बैल मागं रेटत, आणि घाटमाथ्यावर बाप खाली उतरतोय. हातात नाडा. तिला वर बसवूनच तो चाकाशी वाकायचा. मग सगळा घाट ते एक चाक फिरायचं नाही, दगडावर खरडत, ठिणग्या उडवत यायचं. तिला ती मोठी मजा वाटायची. रात्री घरी गेल्यावर आई बापाला विचारायची, चाक बांधलं व्हतं ना?

"चाक बांधू," ती म्हणाली. "माझा बाप घाटात बांधायचा. नाडा वरच्या अंगानं आऱ्यातून घ्यायचा, धावेवरून वढून साट्याला आवळायचा. चाक फिरतच नाय. घासत येतं."

मोतीरामनं एकदा तिच्याकडं, एकदा गाड्यांकडं पाहिलं. "बरूबर हाय. चला, वहिनी. केरबा, नारळ कोन फोडतं?"

"मीच."

"मग आज हात जरा जड असू दे तुझा."

केरबाला कळायला क्षण लागला. मग तो काठी टेकत, गुडघा फरफटत पुढच्या बाजूला निघाला.

गाड्या मारुतीपाशी थांबल्या तेव्हा बानाबाई पळत मागं पोचली होती. सहा दिवसांचा उपास, डोळ्यांपुढं काजवे. गाड्यावरनं लीलाबाई हसली, "काय गं, दिवा सोडून आता गाडा राखाया आलीस व्हय?"

"लीलाबाई, तो नाडा सोड." बसणाऱ्यांना धरायला साट्याभोवती अंबाडीचा जाड नाडा गुंडाळलेला होता. "लवकर. आन् कुनी खाली उतरू नका."

"का? मोडलं काय? मग उतरतोच की!"

"उतरू नका म्हनलं ना! तुमचं वजन पायजेल."

लीलाबाईनं बानाबाईचा इतका मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. तिनं गुमान नाडा सोडून खाली टाकला. मोतीरामनं तो चाकाच्या आऱ्यांमधून ओवला. तेलानं हात घसरत होते. बानाबाई सांगत होती, खालून नको, वरून घ्या, अजून एक वेढा; आणि पुढं नारळ फुटत नव्हता.

केरबानं पहिल्यांदा आपटला तो पायरीच्या कडेला लागून घरंगळला. लोक हसले. दुसऱ्यांदा नुसता टण्ण वाजला.

"केरबा, हातात जोर नाय का नारळात पानी नाय?"

"आरं, म्हाताऱ्याला कशाला? दुसऱ्याला द्या!"

"गुडघ्यासंग हातबी गेला वाटतं!"

कोणीतरी हलकेच म्हणालं, नारळ फुटंना, लक्षण बरं नाय. केरबानं ते ऐकलं. ज्या मारुतीपुढं त्याच्या एका घावात नारळाची दोन भकलं व्हायची, त्याच मारुतीपुढं तो खाली मान घालून पुन्हा नारळ उचलत होता, पुसत होता, उलटासुलटा बघत होता. गर्दीच्या डोक्यांवरून त्याची नजर मागं जात होती. रामहरी दोरात तसाच उभा, धापा टाकत.

मागं मोतीरामनं साट्याला पाय लावून शेवटची गाठ आवळली. दुसरं चाक तसंच होतं, पण नाडा संपला होता. त्यानं हात वर केला.

नारळ फुटला.

उताराला लागताच टायरच्या गाड्यांनी आपला गुण दाखवला. रामहरीच्या कमरेचा दोर एकदम ढिला पडला आणि छकडा त्याच्या पाठीवर येऊ लागला. छकड्याचं जू धरलेले दोघे मागं रेलले, त्यांचे पाय सिमेंटवरून सरकले. बायका किंचाळल्या. बानाबाई गाड्याच्या बाजूनं पळत होती. पुढचं तिला काही दिसत नव्हतं, दिसत होतं ते एकच चाक. ते फिरलं नाही. लोखंडी धाव सिमेंटवर घासली आणि असा आवाज निघाला, की गाड्यातल्या पोरांनी कान धरले. गाड्यांमधले दोर एकामागं एक ताणून वाजले. पुढच्या टायरच्या गाडीला हिसका बसला, तिच्या पुढचीला, तिच्याही पुढचीला. धाव घासून पांढरी रेघ उमटत चालली, जळका वास सुटला. रेटा कमी झाला, थांबला नाही. नाड्याचा एक पेड तटकन तुटला. बानाबाईनं चालता चालता तो नाडा दोन्ही हातांनी धरला, जणू तिच्या धरण्यानं तो टिकणार होता. "मल्हारी, मल्हारी," एवढंच तिच्या तोंडून निघत होतं.

"सोडा वहिनी, हात जाईल!" मोतीरामनं तिला ओढून बाजूला केलं आणि त्याच वेळी दुसरा पेड तुटला. चाक मोकळं झालं. पण तोवर उतार सरत आला होता. देवळापुढच्या वाळूत छकड्याची चाकं रुतली. जुवाचा टोला रामहरीच्या खांद्यात बसला, तो गुडघ्यावर आपटला, आणि तसाच रांगत पुढं होऊन त्यानं पायरीला डोकं टेकलं.

गाव पुन्हा ओरडलं. कोणाला वाटलं देवाची लीला, कोणाला वाटलं रामहरीनं शेवटच्या घडीला जोर लावला. केरबा गर्दीतून वाट काढत मुलाजवळ गेला, त्याचे हात, पाय, बरगड्या चाचपून पाहिल्या आणि मगच दोराच्या गाठीला हात घातला. गाठ त्याला सुटेना. या वेळी खरोखरच सुटेना.

संध्याकाळी घरी वांग्याच्या भरिताचा आणि रोडग्याचा नैवेद्य झाला. रामहरी ओट्यावर पालथा पडला होता. कंबर अशी सोलली होती, की केरबाची कधी सोलली नव्हती. बांधल्या चाकानं उताराला गाड्यांची माळ मागं खेचली, तेव्हाचा सगळा हिसका त्याच कमरेनं खाल्ला होता.

"आई, गाडा यंदा लईच जड लागला गं शेवटाला," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "दादा, तुमी दरसाल असं कसं सोसायचे?"

केरबा आपला गुडघा चोळत राहिला. प्रांजली म्हणाली, "मला तर मधी काय ऐकूच येईना. हलगी तेवढी. म्हनलं, गाडा कुठं गेला? आत्याबाई म्हनल्या व्हत्या ऐकत राहा. दिवा तडतडला आन् माझा जीव गोळा झाला. मग लई मोठ्यानं ओरडला एकदाचा."

बानाबाई वाटीत हळद घेऊन लेकाजवळ बसली. तिच्या दोन्ही तळव्यांवर नाड्याचे लाल वळ होते. हळद कालवायला तिनं तेलाची बाटली उचलली. रिकामी.

ती बाटली तिनं लेकाच्या उशाशी ठेवली. मग म्हणाली, "रामहरी, गाड्यात तेल म्या घातलं व्हतं. सकाळी. तुला जड जाऊ नये म्हून." आणि मग जसं घडलं तसं सगळं सांगितलं, आवाज नेहमीसारखाच हळू, पण कोणाला पुन्हा विचारावं लागलं नाही.

रामहरीनं तसंच पालथ्यानं हात मागं नेऊन आईचा तळवा चाचपला, वळांवरून बोट फिरवलं.

केरबा काठी टेकत उठला, शेजारी लीलाबाईच्या दारात गेला आणि वाटीभर तेल मागून आणलं. बायकोपुढं वाटी ठेवत म्हणाला, "घे, खाचरवाले. तेल इथं लाव."

तिनं हळद कालवली. उद्या सकाळी गाडा परत येईल, तेव्हा दोन्ही तुंबे राखेनं आणि चिंधीनं कोरडे करायचे, गाडा उन्हाळाभर उन्हात ठेवायचा, असं ती मनाशी ठरवत होती. पुढच्या साली तो रडला पाहिजे. पहिलं बोट लागताच रामहरी कळवळला, आणि तिनं त्याच्या पाठीवर हात दाबून धरला.